पोराला विंचू चावला तर कुठे न्यावं? तालुक्याच्या सरकारी कॅज्युअल्टीचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. त्यातले दोन तर एकट्या रात्रपाळीच्या सिस्टरचे. पाचवा का कापला तेही खाली लिहितो.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कारण याच लिखाणात आमच्या गावच्या एका क्लिनिकचा आणि जळगावच्या एका मोठ्या बालरुग्णालयाचाही हिशेब येणार आहे, आणि नावं घातली की लोक दवाखान्याबद्दल बोलायचं सोडून कोण कुणाचा पाव्हणा यावर बोलायला लागतात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, सातपुड्याच्या पायथ्याला कुठेही राहत असाल तर यातलं निम्मं तुमचं पाहिलेलंच असेल.

माझी ओळख एवढीच की मी केळीच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. दिवसभर आकडे. त्यामुळे दवाखान्यात गेलो की भिंतीवरची ससे-हत्तींची चित्रं मला दिसत नाहीत, पोराचं वजन कुणी आणि कसं केलं तेवढंच दिसतं. हा रिव्ह्यू त्याच नजरेने लिहिलेला आहे. कुणाला चालणार नसेल तर इथेच थांबा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली होती, सोबत सात वर्षांचा भाचा. वैशाखात आमच्याकडे रात्री घरात झोपवत नाही, सगळ्यांच्या खाटा अंगणात. पोरगा लघवीला उठला तो अनवाणी, आणि थेट पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) गंजीजवळ. किंचाळला तेव्हा आबांनी बॅटरी मारली आणि चपलेने विंचू ठेचला. शेजारची म्हातारी भिंतीवरूनच विचारती झाली, "लाल व्हता का काया?"

प्रश्न अगदी बरोबर होता. काळा विंचू दिसायला मोठा, आग भरपूर, पण सहसा जिवावर बेतत नाही. तांबूस, आकाराने लहान जो असतो तो लहान मुलांच्या मुळावर येतो. आमचा लाल होता. मेलेला विंचू आबांनी काडेपेटीत घालून सोबत दिला. पुढे डॉक्टरांनी तो उघडून पाहिलाही.

गावात विंचू उतरवणारे आहेत आणि त्यांचं नाव चांगलं आहे. असणारच. बहुतेक दंशांत नुसतं दुखतं आणि रात्रीत आपोआप ओसरतं, मग मंत्र घाला नाहीतर नका घालू. तिकडे आम्ही गेलो नाही, पण चौकातल्या क्लिनिकमध्ये गेलो, कारण ते दारात होतं. तिथे आत जाताच दोन इंजेक्शनं. पोराचा शर्ट वर केला नाही, पायाला हात लावला नाही. कंपाउंडरने विचारलं, "किती किलोचा असेल?" बहीण म्हणाली वीस-बावीस. त्याने मान हलवली आणि सुई भरली. पैसे घेतले, "झोपेल आता, सकाळी ठणठणीत" म्हणाला. ती इंजेक्शनं स्टेरॉइडचं आणि अॅलर्जीचं होती हे पुढे चिठ्ठी पाहून कळलं. लाल विंचवाच्या विषावर या दोघांचा काही उपयोग नसतो.

पोरगा खरंच शांत झाला. पायाचं दुखणंही कमी झालं म्हणाला. बहिणीला वाटलं, उतार पडला. पण बनियन पिळून निघेल इतका घाम, दोनदा उलटी, आणि वैशाखातल्या रात्री हातपाय गार. घरची पिकअप दारातच उभी होती, काढली आणि निघालो.

इथून खरा रिव्ह्यू.

सरकारी दवाखान्याचं रात्रीचं गेट मागच्या बाजूला आहे, पुढचं बंद असतं. पाटी नाही. नवीन माणूस पुढच्या गेटवर हॉर्न वाजवत बसतो. अर्धा स्टार तिथेच गेला.

आत मात्र केसपेपर कुणी मागितला नाही. टेबलामागे पन्नाशीच्या एक सिस्टर होत्या, धुळ्याकडच्या असाव्यात बोलण्यावरून. पोराकडे एकदा पाहिलं आणि उठल्या. त्यांनी केलेलं क्रमाने सांगतो, कारण हेच मला पुढे कुठे दिसलं नाही. आधी शर्ट वर केला आणि छाती-पोट वरखाली होताना घड्याळाकडे बघत श्वास मोजले. मग दोन्ही तळपाय आपल्या तळहातात धरले आणि तो हात वर गुडघ्याकडे सरकवत नेला, गार कुठपर्यंत आहे ते बघायला. मग नाडी. तोंडाने प्रश्न चालू होते: चावून किती वेळ झाला, उलट्या किती, घाम कधीपासून, विंचू कसा, आधी काय दिलंय. या सगळ्याला फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात वॉर्डबॉय डॉक्टरांना उठवायला गेलेला होता. बहीण रडायला लागली तसं त्या म्हणाल्या, "घाबरू नको वं माय, येळवर लयना तू त्याले." म्हणजे वेळेवर आणलंस.

नंतर वजन. कोपऱ्यात साधा घड्याळी काटा होता, पायाने चढायचा. सिस्टरनी वाकून पाहिलं, सुई शून्याच्या किंचित पुढे होती. त्यांनी बाजूची चकरी फिरवून सुई शून्यावर आणली, मग मला पोराला उचलून चढायला लावलं. साडेएक्याण्णव. पोराला आईकडे देऊन पुन्हा मला एकट्याला. चौऱ्याहत्तर. साडेसतरा किलो. रात्री साडेबाराला, घाईत, शून्य तपासणारा माणूस मी आमच्या धंद्यातसुद्धा फार पाहिलेला नाही. गाडीमागे वीस किलो इकडचे तिकडे झाले तर आमच्याकडे भांडणं होतात. इथे सगळा मालच साडेसतरा किलोचा, आणि क्लिनिकमध्ये तो वीस-बावीस धरला होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 17.5 लिहून गोल केला आणि मग बाकीचं लिहायला घेतलं. औषध म्हणजे प्राझोसिनची गोळी. एरवी ती बीपीच्या माणसांना देतात. मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे आमच्या पोराला 525, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भाग. मी मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. डॉक्टरबाईंनी पाहिलं मी काय करतोय ते, आणि चिडल्या नाहीत. अर्धी गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून पोराला पाजली.

लगेच पुढची सूचना: उचलायचं नाही, बसवायचं नाही, आडवाच ठेवायचा. बहिणीने सवयीने त्याला मांडीवर घ्यायला हात पुढे केले होते. सिस्टरनी ते हात धरून खाली केले. या गोळीच्या पहिल्या डोसाने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, त्यात पोराला उभं धरलं की डोक्याला रक्त कमी पडतं, म्हणून. हे कारण त्यांनी तिला सांगितलं, नुसता हुकूम सोडला नाही. मग स्टूल दिलं, उशाशी बसून डोक्यावरून हात फिरव म्हणाल्या. आपल्याकडे आईला एक तर बाहेर काढतात, नाहीतर तिच्यावर ओरडतात. इथे तिला काम दिलं.

बीपीचा किस्सा सांगायलाच हवा. टेबलावरचा पट्टा मोठ्या माणसाचा होता. डॉक्टरबाईंनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला, वॉर्डबॉयला वरच्या वॉर्डातून लहान पट्टा आणायला पिटाळलं. पाचेक मिनिटं गेली. माझा पारा चढला, लावा ना जो आहे तो, म्हटलं. त्या म्हणाल्या, मोठा पट्टा लहान दंडाला लावला की बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. या विषाने आधी बीपी वाढतं. खोटा कमी आकडा दिसला तर आम्ही उलटंच काही करून बसू. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेलं बरं, हे मला कुणी शिकवायला नको.

विष काय करतं तेही त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. शरीरातल्या नसा एकदम भडकतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार, म्हणून घाम. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप मारावा लागतो. ते थकलं की पाणी फुप्फुसात साचतं, खोकला येतो, धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. गोळी त्या नळ्या सैल करते. पोराला खोकला सुरू झाला तर हाक मारायची, मी झोपेत असले तरी, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

ही गोळी विंचवासाठी वापरायची वाट महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवली. माणूस मूळचा मराठवाड्यातला, नोकरीला कोकणात गेला, तिथे विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत दगावताना पाहिली आणि त्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं काम छापून आलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोळी येण्याआधी गंभीर दंशात शंभरातले 30 च्या आसपास दगावत, प्राझोसिनने तो आकडा 3 च्या आत आणला. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची लस बनते. गोळीसोबत ती दिली तर पेशंट लवकर सावरतात हे 2011 च्या अभ्यासात पुन्हा बावस्करांनीच दाखवलं. या तालुक्याच्या दवाखान्यात ती लस फ्रीजमध्ये होती आणि दिली. आता सांगा, इतकी वर्षं होऊन गेली, गोळी काही महागातली नाही, मग आमच्या चौकातल्या क्लिनिकमध्ये ती का नसावी? या प्रश्नाने मला त्या रात्री विंचवापेक्षा जास्त आग लागली.

आम्ही जळगावला नेऊ का, असं मी विचारलं. खरं तर सरकारी दवाखाना म्हटलं की 'पुढे न्या' हे वाक्य आधी येतं, इथे उलटं झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ता नाही. पहिले काही तास धोक्याचे, ते रस्त्यात घालवू नका. इथे ऑक्सिजन आहे, गोळी आहे, लस आहे. धाप लागली तर मी स्वतः 108 मागवते आणि तिकडच्या डॉक्टरांशी बोलूनच पाठवते. बालरोगतज्ज्ञ रात्री घरी असतात, त्यांच्याशी फोनवर बोलणं माझ्यासमोर झालं, स्पीकरवर. त्यांनीही पहिला प्रश्न वजनाचाच विचारला.

रात्रभर दर अर्ध्या तासाने कुणीतरी आलं. नाडी, श्वास, बीपी, तळपाय. तक्ता पलंगाला लटकवलेला होता, मी वाचत होतो, आणि एकही रकाना मागाहून भरलेला नव्हता. तीन तासांनी पाय अजून गार होते म्हणून दुसरी अर्धी गोळी. उलटी थांबल्यावर चमच्याचमच्याने ओआरएस, कारण घामातून आणि उलटीतून बरंच पाणी गेलं होतं. पहाटे पोरगा अचानक पाय धरून रडायला लागला, "मामा, पाय जळी ऱ्हायना," म्हणजे पाय जळतोय. मी घाबरून डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी तळपायाला हात लावला, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. पाय गरम आणि कोरडा, आणि दुखणं परत आलेलं, म्हणजे विषाचा जोर उतरला. रडू द्या म्हणाल्या. चावलेल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. आदल्या रात्री क्लिनिकमधून परतताना दुखणं कमी झालं म्हणून आम्ही खूश होतो, हे आठवलं की अजून काटा येतो अंगावर.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

लहान मुलांसाठी वेगळी जागा नाही. आमच्या पलंगाशेजारी, मधे पडदासुद्धा नसताना, मोटरसायकलवरून पडलेला एक दारू प्यायलेला माणूस आणला. डोकं फुटलेलं, शिव्या चालू, पाठोपाठ पोलीस आणि गाडीभर नातेवाईक. पोरगा विंचवाने रडला नव्हता तेवढा ते पाहून रडला. ज्याची नाडी खाली यावी म्हणून सगळी धडपड चाललीय, त्याला हे दाखवायचं? एक लोखंडी स्टँड आणि हिरवं कापड, एवढ्याचा प्रश्न आहे. खर्च काय तो?

बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा मोठ्यांचा. पोराच्या बोटावरून सारखा घसरायचा आणि मशीन बोंबलायचं. शेवटी सिस्टरनी तो पायाच्या अंगठ्याला लावून वरून चिकटपट्टी मारली. जुगाड चालला, पण जुगाड तो जुगाडच.

सिस्टर एकच. खाली कॅज्युअल्टी आणि वर वॉर्ड, दोन्ही तिच्याकडे. ती वर गेली की खाली वॉर्डबॉय. आमचं नशीब की त्या रात्री अपघात एकच आला. संडासाबद्दल लिहीत नाही, ज्याने पाहिला त्याला माहीत आहे. पाण्याचा कूलर बंद, आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचा उन्हाळा.

पैसे? शून्य. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. दाजी सकाळी शिंदखेड्याहून आले ते खिशात नोटांचं पुडकं घेऊन, ते तसंच परत नेलं.

तुलनेसाठी जळगावच्या त्या बालरुग्णालयाचं थोडक्यात. माझ्या मुलीला जुलाब झाले होते तेव्हा नेलं होतं, अकरा किलोची होती. इमारत झकास, एसी, लहान मुलांची इमर्जन्सी वेगळी, लहान चिमटे, लहान पट्टे, थेंब मोजून देणारी मशीन, इथे नसलेलं सगळं तिथे होतं. पण दारात पहिला प्रश्न डिपॉझिटचा. आमच्या वकील मित्राने फोनवरून काउंटरवाल्याला 1989 चा परमानंद कटारा खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल ऐकवला, की आधी जीव, मग कागद, आणि ते खाजगी डॉक्टरलाही लागू आहे, तेव्हा आत घेतलं. आत वजन विचारलं, केलं नाही. मीच म्हटलं, काटा आहे ना समोर, मोजा. डॉक्टर हुशार होते यात शंका नाही. पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन ती किती वेळाने सपाट होते ते पाहिलं, डोळे पाहिले, मुलगी वाटीने पाणी पितेय हेही पाहिलं. तरी सलाईन लावलं. पिऊ शकणाऱ्या, मध्यम सुकलेल्या लेकराला किलोमागे 75 मिलिलिटर ओआरएस चार तासांत, घोटाघोटाने पाजायचं, हा साधा नियम आमच्या गावची आशाताईसुद्धा सांगते. म्हणजे माझ्या मुलीला सव्वाआठशे मिलिलिटर. सोबत चौदा दिवस झिंक. झिंक त्यांनी लिहून दिलं, ओआरएसचं नाव मीच काढलं. सुईसाठी तिच्या दोन्ही हातांना भोसकलं ते फुकट गेलं असं माझं मत आहे, डॉक्टरांचं वेगळं असू शकेल. त्यांना तीन स्टार, आणि त्यातले दोन मशिनींचे.

पोराला श्वासाचा मोठा त्रास असेल, मशीन लागणार असेल, तर मीही उद्या जळगावच गाठीन. विंचू, साप, ताप, झटका, जुलाब यांसाठी आधी तालुक्याला जाईन, निदान ती सिस्टर ड्यूटीवर आहे तोवर. ती वर्षभरात रिटायर होणार आहे असं वॉर्डबॉय म्हणाला. नंतरचं नंतर पाहून मग स्टार बदलीन.

जाणाऱ्यांसाठी: मागच्या गेटने जा. पाण्याची कॅन, चादर आणि पंखा सोबत न्या. पोराचं वजन आठवड्यापूर्वी केलेलं असलं तरी तिथे पुन्हा करायला सांगा, आणि आधी काही इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची रिकामी बाटली नाहीतर चिठ्ठी फेकू नका. डिस्चार्ज कार्डावर सगळी औषधं वाचता येतील अशा अक्षरात लिहून मिळतात, हे विशेष. ईसीजीचा कागद मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. मागून घ्या आणि लगेच मोबाईलवर फोटो काढा, कारण तो कागद उन्हात राहिला की त्यावरच्या रेघा उडून जातात.